बुधवार निरंक

चौथा कागद मंगळवारी सकाळी फुटला. मी खिडकीपाशी कप विसळत होते. मुजावर मॅडमनी खुर्ची न वळवताच हाक मारली.

"रेवती, इकडे ये जरा."

पडद्यावर शंभर आकडे होते आणि त्यांच्याखाली एकच शब्द: जुळले.

"सिस्टरबाईंचा," मॅडम म्हणाल्या. "साडेतीन तासांत. शिंपीमामांच्या कागदाला चार दिवस लागले होते." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "राहिला एक."

"हो."

"तुझ्या वडिलांचा."

मी हातातला कप पुसत राहिले. तो केव्हाच कोरडा झाला होता.

काय फुटलं होतं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. कृष्णाकाठ विद्यापीठाच्या गूढलेखन विभागात मी पीएच.डी.नंतरचं संशोधन करते. गूढलेखन म्हणजे मजकूर असा बंद करायचा की ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच तो वाचता यावा. किल्ली ही फक्त एक प्रचंड मोठी संख्या असते. ती कुणाला ओळखता येऊ नये, एवढ्यावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे.

विभागाचं एकच काम बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे, ते म्हणजे साक्षीपेटी. ज्यांना आज तोंड उघडता येत नाही अशांनी तिच्यात आपली साक्ष लिहून ठेवायची. कारखान्यातले कामगार, वसतिगृहातल्या मुली, घरकाम करणाऱ्या बायका, दोन-तीन पोलीससुद्धा. कुलूप सगळ्यांना दिलेलं आहे, त्यामुळे कुणीही आपली साक्ष बंद करून आत टाकू शकतं. किल्ली मात्र तुकडे करून तीन निवृत्त न्यायाधीशांकडे ठेवलेली आहे आणि ते तुकडे पंचवीस वर्षांनी, २०६६ साली जोडायचे आहेत. कुणी पेटी नष्ट करू नये म्हणून तिच्या प्रती हजारो यंत्रांवर पसरून ठेवल्या. त्यामुळे आता ती आम्हालाही परत गोळा करता येत नाही. आत एकेचाळीस हजार साक्षी आहेत. किल्ली कुणाच्या हाती लागली तर एकेचाळीस हजार माणसं एकाच दिवशी उघडी पडतील, आणि ज्यांच्याविरुद्ध त्यांनी लिहिलंय ते लोक अजून त्याच गावांत, त्याच खुर्च्यांवर बसलेले आहेत.

ही किल्ली कशी बनवायची यासाठी आमच्याकडे एक रीत आहे. विभागातल्या पाच जणांनी आपल्या विश्वासातलं, पण या विषयाशी काडीचा संबंध नसलेलं एकेक माणूस आणायचं. प्रत्येकाला एक पारदर्शक लाल फासा आणि शंभर चौकटींचा एक कागद द्यायचा. त्याने घरी दार लावून, एकट्याने शंभर वेळा फासा टाकायचा आणि पडेल तो आकडा लिहायचा. ठरलेल्या दिवशी (आम्ही त्याला थट्टेने मुहूर्त म्हणतो) पाचही जणांनी आपले आकडे एका सुट्या, कशालाही न जोडलेल्या यंत्रात स्वतःच्या हाताने भरायचे आणि कागद तिथेच घमेल्यात जाळायचे. यंत्र पाचही कागदांची बेरीज करून किल्ली पाडतं. मग तेही फोडून टाकतात.

या बेरजेत एक मोठा गुण आहे. पाच जणांपैकी चौघांनी पातेल्यात नुसतं पाणी ओतलं आणि एकाने मूठभर मीठ टाकलं, तरी सगळं पातेलं खारट होतं. तसंच हे. पाचांतल्या एकानेही खरेखुरे फासे टाकले असतील तर किल्ली ओळखता येत नाही. शंभर फाशांच्या शक्यता मोजायच्या तर अठ्ठ्याहत्तर अंकी संख्या लागते. सगळ्या जगातली यंत्रं लावली तरी ती संपायची नाही.

कुणी मागाहून आकडे बदलले असं म्हणू नये म्हणून जाळण्याआधी प्रत्येक कागदाची मोहोर काढून जाहीर फलकावर लावतात. मोहोर म्हणजे कागदावरून गणिताने काढलेली एक छोटी खूण. कागदावरून मोहोर चुटकीसरशी निघते, मोहरेवरून कागद निघत नाही. पण कुणी कागद अंदाजाने ओळखला, तर अंदाज बरोबर की चूक हे मोहोर ताडून लगेच कळतं.

आणि मुहूर्तानंतर दीड वर्षाने सवयमापक आला.

माणसाला म्हणावं, मनाला येतील ते आकडे लिही. तो लिहितो आणि त्याला वाटतं की हे कुणालाच ओळखता येणार नाहीत. प्रत्यक्षात तो तीनदा सलग तोच आकडा लिहायला कचरतो, एकनंतर चारकडे उडी मारतो, ओळ संपत आली की सहाकडे वळतो. प्रत्येकाची चाल वेगळी आणि ती सुटत नाही. सवयमापकाला त्या माणसाची जुनी यादी, टिपणं, फोनवर बोटं फिरवायची लकब असलं काहीही द्या, तो त्या चालीचा साचा काढतो आणि त्या माणसाने मनाने लिहिले असते असे लाखो कागद लिहून दाखवतो. खऱ्या फाशापुढे तो आंधळा आहे. मनाने लिहिलेल्या कागदापुढे नाही.

मॅडमनी तो आमच्याच पाच कागदांवर लावून पाहायचं ठरवलं. शिंपीमामा, ग्रंथपालबाई, फुलवाले आणि सिस्टरबाई या चौघांनी आपल्या वह्या आनंदाने दिल्या. आपण काय देतोय ते त्यांना कळलं नव्हतं.

शिंपीमामा खाली मान घालून म्हणाले, "चार-पाच टाकले खरे मॅडम. मग गिऱ्हाईक आलं. म्हटलं, ग्रंथपालबाई टाकतीलच की. शिकलेल्या आहेत."

ग्रंथपालबाईंना वाटलं होतं की फुलवाले टाकतील, देवाधर्माचा माणूस आहे. फुलवाल्यांना वाटलं सिस्टर टाकतील. आणि सिस्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझे वडील सरळ दिसत होते गं. म्हटलं, ते तर टाकणारच."

पत्रक मी लिहिलं होतं. त्यात ठळक अक्षरांत एक वाक्य होतं: "ताण घेऊ नका. पाचांपैकी एकानेही खरे फासे टाकले तरी किल्ली सुरक्षित राहते." लोकांनी घाबरू नये म्हणून ते घातलं. सिद्धान्त बरोबर होता. तो पाचही जणांना समजावून सांगितला, ही चूक. गणित येणारी माणसंच अशी चूक करू शकतात.

पाचवे माझ्या वतीने आलेले माझे वडील, अप्पा. त्यांना तर मी ते पत्रक आधी वाचायला दिलं होतं. "'सहभागी व्यक्तींनी' कशाला?" ते म्हणाले होते. "'तुम्ही' म्हण. माणसाशी बोलतेस ना?" मग ठळक वाक्यावर बोट ठेवून, "म्हणजे बाकीच्यांनी टाकले, तर मी नाही टाकले तरी चालतंय?"

"गणिताने चालतं, अप्पा."

"हं," म्हणाले आणि पत्रकाची घडी करून औषधांच्या डब्याखाली ठेवली.

तेव्हा त्यांचा कंपवात तीन वर्षांचा होता. उजवा हात मांडीवर ठेवला तरी थरथरायचा. अक्षर बारीक होत चाललं होतं. पहिली ओळ मुंगळ्यांची आणि शेवटची मुंग्यांची, असं तेच म्हणायचे.

"त्यांच्या डायऱ्या असतील ना?" मॅडमनी विचारलं. "एसटीतली माणसं लिहून ठेवतात."

"आहेत. कराडला, घरी."

"पुढच्या शुक्रवारी समिती बसतेय. पाचवा कागद फुटतो का ते मला त्याआधी कळायला हवं. फुटला तर पेटी मोडली म्हणून आपणच जाहीर करायचं, दुसऱ्या कुणी करण्याआधी." त्या थांबल्या. "तुला जड जाईल. दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"नको मॅडम. मी आणते."

मॅडमच्या यंत्रात आता चार कागद होते. पाचवा मिळाला की किल्ली पुरी झाली असती.

पाचवा माझ्याकडे होता.

मुहूर्ताच्या दिवशी अप्पा शेवटचे होते. डाव्या हाताने उजवा धरून, एका बोटाने त्यांनी शंभर आकडे भरले. चाळीस मिनिटं लागली, कुणी घाई केली नाही. मग कागदाची चौघडी करून त्यांनी तो माझ्या हातात दिला. जाळण्याचं काम माझं होतं. माझ्या फाइलमध्ये त्याच मापाचा एक कोरा कागद होता. घमेल्यात मी तो टाकला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. त्या दोन पावलांत मला एवढंच कळलं की हे अक्षर आता परत मिळणार नाही. प्रमाणपत्रावर मी सही केली: पाचही कागद माझ्या समक्ष जाळले. त्यानंतर अप्पा पानभर कधी लिहू शकले नाहीत. आठ महिन्यांनी गेले.

कागद मी उघडला नव्हता. वाहक असताना त्यांची जी पत्र्याची तिकिटांची पेटी होती, तिच्यात, कराडच्या घरी, चौघडी तशीच ठेवली होती. बाकीचे चार कागद राख झालेत, एकट्या या कागदाने काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं होतं. मीही त्या चौघांसारखाच विचार केला होता.

शनिवारी सकाळी कराडला गेले. शकूआत्या अप्पांची धाकटी बहीण. माझी आई गेल्यापासून ती आमच्याकडेच असते.

"आलीस व्हय? जेवून आलीस का तशीच?"

"तशीच."

"दिसतंयच तोंडावर. बस."

भाकरी वाढताना मी वह्यांचं विचारलं.

"दादाच्या वह्या? मेल्या माणसाच्या वह्यांचं काय काम असतंय हापिसात?"

"संशोधन आहे, आत्या."

"त्या फाशाचंच न्हवं? जाताना त्यो पण घेऊन जा. लाल. देव्हाऱ्यात ठेवलाय मी." ती हसली. "त्या बारीला पलंगाखाली गेला हुता. दादाला वाकता येईना आणि मला सांगंना. शेवटी बेस्तरवारी झाडताना मीच काढून दिला."

माझा घास हातातच राहिला. बेस्तरवार म्हणजे गुरुवार. मुहूर्त शुक्रवारी होता.

"पडला कधी होता?"

"मंगळवारीच सांच्याला पडला आसंल. बुधवारी दिसभर टकटक ऐकूच आली न्हाई."

मंगळवारी त्यांनी सुरुवात केली होती, हे मला माहीत होतं. म्हणजे कितीतरी चौकटी रिकाम्या, फासा पलंगाखाली, वाकता येत नाही, सांगायची लाज. समोर माझंच वाक्य ठळक अक्षरांत. आणि हाताशी पेन. दुसरं कुणी काय केलं असतं?

जेवण झाल्यावर मी माडीवर गेले. वह्या चौदा होत्या. अप्पा आधी वाहक होते, मग निवृत्त होईपर्यंत स्टँडवर वाहतूक नियंत्रक. गाडी कधी आली, कधी सुटली याची नोंद ठेवायची आणि माइकवरून ओरडायचं. त्या सवयीने ते घरीही नोंदी ठेवत. पाणी किती वाजता आलं, सिलिंडर कधी लावला, मी शाळेतून कधी आले. लहानपणी मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसायचे. एकदा पाटण गाडी वीस मिनिटं आधी आली. त्यांनी वेळ लिहिली, तिला गोल केला आणि शेजारी बारीक सही केली.

"सही कशाला?" मी विचारलं होतं.

"लोकांना खोटं वाटेल असं खरं असलं, की त्याच्याशेजारी सही करायची."

आणि ज्या रकान्यात काही नसेल तिथे ते निरंक लिहीत. मोकळा कधी सोडत नसत. मोकळी जागा सोडली की नंतर कुणीही काहीही भरतं, म्हणायचे.

मी पत्र्याची पेटी उघडली.

चौघडी हातात घेतली. आतापर्यंत तो कागद माझ्यासाठी फक्त अप्पांचं अक्षर होता, आत काय लिहिलंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. आता मात्र दोनच गोष्टी शक्य होत्या. अप्पांनी मनाने लिहिलं असेल, तर या वह्यांवरून सवयमापक आज ना उद्या त्यांना गाठणार, पेटी मोडणार, आणि एकेचाळीस हजार लोकांना पळायची सूचना द्यावी लागणार. पण मग हा कागद बिनकामाचा ठरेल आणि माझ्याकडे राहील. त्यांनी खरे फासे टाकले असतील, तर पेटी शाबूत आहे, आणि ती फक्त या एका कागदावर उभी आहे. मग तो क्षणभरही जगात राहता कामा नये.

माझ्या वडिलांनी फसवलेलं असावं, असं मला वाटलं. ही इच्छा मी इथे लिहून ठेवते.

खरे फासे ओळखायची एक ढोबळ खूण असते. शंभर फाशांत कुठे ना कुठे तोच आकडा तीनदा सलग येतो, क्वचित चारदा. माणूस तसं लिहीत नाही, त्याला ते खोटं वाटतं. तेवढंच बघायचं, बाकी आकडे वाचायचे नाहीत, असं ठरवून मी घडी उलगडली.

समासात काही लिहू नये असं पत्रकात होतं. अप्पांनी लिहिलं होतं. पहिल्या ओळीशेजारी "मंगळ." चौतिसाव्या चौकटीनंतर पेनाने उभी रेघ, आणि समासात मुंगीएवढ्या अक्षरांत: "बुध. निरंक. फासा हरवला." त्याखाली "गुरु." आणि मग उरलेल्या सहासष्ट चौकटी, एका दिवसातल्या, ओळीगणिक लहान होत गेलेल्या.

सातव्या ओळीत चार पाच होते, सलग: पाच, पाच, पाच, पाच. त्यांच्याभोवती हललेला गोल होता आणि शेजारी सही: वि. रा. तां.

विश्वनाथ रामचंद्र तांबवेकर. दार लावून एकटे बसले होते. कागद दुसऱ्या दिवशी जळणार होता, कुणी बघणार नव्हतं. तरीही चार पाच सलग पडले तेव्हा त्यांना वाटलं असणार, हे लोकांना खोटं वाटेल.

मी कागद पालथा केला. त्या चार पाचांखेरीज एकही आकडा मला माहीत नाही. चार आकडे गेल्याने किल्लीला धोका नाही, ते गणित मी तिथेच बसून केलं.

मग दुसरं गणित. हा कागद घेऊन मॅडमकडे गेले तर? सगळं सांगितलं तर? अप्पांचं नाव त्या चौघांपासून वेगळं होईल. पण कागद दोन वर्षं एका बाईच्या घरी होता, हे कळल्यावर त्याची प्रत नाही यावर कोण विश्वास ठेवील? मीही ठेवला नसता. पेटी गणिताने शाबूत राहील आणि लोकांसाठी मोडेल. ज्या बाईने आपल्या मालकाविरुद्ध लिहून ठेवलंय, तिला मी कुठलं प्रमाणपत्र दाखवणार? माझी सही असलेलं एक तिने आधीच पाहिलं होतं. आणि गप्प राहिले तर अप्पा त्या चौघांत जमा. ते खरे होते याचा जगात एकच पुरावा, आणि ते खरे होते म्हणूनच तो ठेवता येत नव्हता.

परसात आत्याची पाणी तापवायची चूल धगधगत होती. मी चौघडी तिच्यात टाकली आणि पूर्ण काळी होईपर्यंत चिमट्याने धरून ठेवली.

"काय जाळतीस गं?" आत्या बादली घेऊन आली.

"अप्पांचा एक कागद."

"त्यो फाशाचाच का?" ती वाकून बघत राहिली. "त्या बेस्तरवारी दुपारचा जेवलाच न्हाई धड. ताट तसंच. म्हटलं, दादा, कशाला जिवाला ताप करून घेतोस? तर म्हणतो, पोरीच्या हापिसाचं काम आहे."

मी राख चाळवली. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. आमच्या घरात तेवढंच करतात.

वह्या मी सोमवारी मॅडमना दिल्या. शुक्रवारपर्यंत सवयमापक अखंड चालला. पाचवा कागद फुटला नाही.

समितीत घोरपडे साहेब होते, निवृत्त न्यायाधीश, किल्लीचा एक तुकडा त्यांच्याकडे असतो. ते कागदपत्रं बाजूला सारून म्हणाले, "चौघांनी मनाने लिहिलं. पाचवा काय आभाळातून पडलाय? हातपाय थरथरणारा माणूस शंभर वेळा फासा टाकतोय होय? नमुने कमी पडत असतील तुमच्या यंत्राला."

"शक्य आहे," मॅडम म्हणाल्या.

"कन्येचं काय म्हणणं आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. समोर पाण्याचा ग्लास होता. मी तो सरळ केला.

"माझ्याकडे पुरावा नाही, सर."

"मग झालं तर!"

मॅडमनी ठराव मांडला. पेटी चालू ठेवायची. वर्षभर रोज पाचव्या कागदावर हल्ला करायचा. फुटला तर त्याच दिवशी जाहीर करायचं, नाही फुटला तर अप्पांना खरं मानायचं.

"हे करणार कोण?"

"रेवती. तिच्याइतक्या त्यांच्या सवयी कुणाला ठाऊक आहेत?"

"मुलीनेच बापाला पकडायचं? आणि जुळलं तर ती सांगेल?"

"मोहोर जाहीर फलकावर आहे साहेब, यंत्राची नोंदवही समितीसमोर उघडी असते. तिला लपवता येणार नाही."

बैठकीनंतर जिन्यात मॅडमनी मला थांबवलं. "तुझं बेंगळुरूचं पत्र आलंय ना? तिकडे पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं."

"हो."

"वर्षभर सोडता येणार नाही तुला. समितीने तुझं नाव लिहून घेतलंय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या तीस वर्षं या विषयात आहेत. माणूस काय लपवतोय यापेक्षा काहीतरी लपवतोय हे त्यांना आधी कळतं. "रेवती, तुला मला काही सांगायचंय का?"

"नाही मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पुढे उतरून गेल्या. त्यानंतर त्यांनी ते कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं अधूनमधून वाटतं.

तर आता माझं काम असं आहे. सकाळी नऊला यायचं, अप्पांची एक वही उघडायची, तिच्यातल्या नोंदी सवयमापकाला द्यायच्या. कुठली खाडाखोड का आहे ते समजावून सांगायचं. मग यंत्र अप्पांसारखे कागद लिहायला लागतं. पहिल्याच आठवड्यात एका कागदाची सुरुवात सहा, एक, पाच अशी आली आणि मी बघतच राहिले. सव्वासहाची पाटण. पहिली गाडी. मनाने लिहायचं ठरवलं असतं तर त्यांनी खरंच तिथूनच सुरुवात केली असती.

यंत्राने त्यांना चांगलं ओळखलंय. दिवसाला काही लाख अप्पा ते तयार करतं, पलंगाखाली फासा गेल्यावर पेन उचलणारे अप्पा. मी एकेकाची मोहोर ताडते. एकही जुळत नाही. जुळणार नाही हे या इमारतीत मला एकटीला माहीत आहे, आणि माहीत असूनही प्रामाणिकपणे प्रयत्न करायचा आहे, कारण नोंदवही सगळ्यांना दिसते. खोली तीच, खिडकी तीच. बेंगळुरूची जागा दुसऱ्या कुणाला गेली. शिंपीमामा कधी रस्त्यात भेटले की डोळ्यांनीच विचारतात, तुझे वडीलही आमच्यातलेच ना? मी नमस्कार करून पुढे जाते.

पण रोज संध्याकाळी पाच वाजता यंत्र मला लाखो वेळा एकच गोष्ट सांगतं, की त्यांनी असं केलं नाही, असंही केलं नाही, असंही नाही.

हा मजकूर आज संध्याकाळी मी साक्षीपेटीत टाकते आहे. कोऱ्या कागदाची, खोट्या प्रमाणपत्राची, चुलीची ही माझी साक्ष, माझ्याविरुद्ध. इतरांच्या साक्षींसारखीच ती अप्पांच्या शंभर फाशांमागे बंद राहील. तुम्ही ती ठरल्या वर्षी वाचत असाल, तर त्यांचा कागद तोवर टिकला. मग घोरपडे साहेबांच्या नातवंडांना, शिंपीमामांच्या मुलांना कुणीतरी सांगा.

नोंदवहीत निकालाचा रकाना असतो. पहिले काही दिवस मी "नाही" लिहीत होते. नंतर शब्द बदलला. मॅडमनी एकदा विचारलंही, "हा कुठून काढलास?"

"डेपोतला आहे मॅडम."

आज सोमवार. तिसरी वही संपली. सात लाख बारा हजार कागद तपासले. रकान्यात निरंक लिहिलं आणि शेजारी सही केली.